लाकूडवाला: मराठी साहित्यातले एक बिननावाचे पात्र

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी, पांढरकवडा, पुसद, उमरखेड अशा कोणत्याही गावी बाजारपेठ ओलांडून जरा बाहेर पडले की आरागिरणी लागते. आमच्याकडे तिला सरळ 'आरामशीन' म्हणतात. पत्र्याची शेड, बाहेर रचलेले सागाचे आणि आडजातीचे गोल, आत पट्ट्याच्या करवतीचा आवाज, भुशाचा ढीग आणि टेबलामागे हिशेबाची वही. फलकावर बहुधा 'पटेल' हे आडनाव असते. हे पटेल कच्छचे. त्यांच्या लाकडाच्या चौकटी आमच्या घरांना आहेत, त्यांनी चिरलेल्या फळ्यांच्या दिवाणावर आमच्या लेकी सासरी गेल्यावर बसल्या, आणि शेवटी सरणासाठीही आम्ही त्यांच्याच वखारीत गेलो. तरी मराठी साहित्यात हा माणूस कुठे आहे, असा प्रश्न विचारला तर उत्तर देताना अडखळायला होते. तो आहे, पण त्याला नाव नाही. तो 'ठेकेदार' आहे, 'शेठ' आहे, 'लाकूडवाला' आहे. प्रस्तुत लेखात मला या बिननावाच्या पात्राचा विचार करायचा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: लाकूडवाल्याला माणूस म्हणून न लिहिल्यामुळे आपले जंगलाचे लेखनही अपुरे राहिले आहे.

आधी हा माणूस कोण, ते पाहू. कच्छ कडवा पाटीदार हा मूळचा शेती करणारा समाज. त्याची गावे मुख्यतः कच्छच्या नखत्राणा भागात. पाऊस बेभरवशाचा, दुष्काळ पाचवीला पुजलेला. विसाव्या शतकाच्या आरंभी या समाजातले पुष्कळ लोक पोट भरायला कराचीला जात. तिथेच १९२०च्या दशकात समाजसुधारणेच्या परिषदा भरल्या आणि नारायणजी रामजी लिंबाणी यांच्यासारखे सुधारक पुढे आले. म्हणजे हा समाज आपल्याविषयी लिहीत होता, वाद घालत होता; फक्त गुजरातीत. फाळणीनंतर कराचीची वाट बंद झाली. पुढे हा समाज भारतभर पसरला, तो बऱ्याच अंशी लाकडाच्या धंद्यातून. शेतीवाचून दुसरे काही न शिकलेल्या माणसाला अंगमेहनतीवर सुरू करता येणारा हा धंदा होता. एक जण ओंडक्यावर उभा, दुसरा खाली, मध्ये लांब करवत, अशी हातकटाई. मग भाड्याची जागा, मग यंत्र, मग गावाकडून बोलावलेला पुतण्या. जिथे साग तिथे पटेल, असे म्हणण्याइतके हे जाळे दाट झाले, आणि विदर्भात तर सागाला तोटा नव्हता.

आता मराठीतले अरण्यलेखन. त्याच्या ढोबळमानाने तीन धारा दिसतात. पहिली निरीक्षकाची. व्यंकटेश माडगूळकरांचे 'नागझिरा' आणि मारुती चितमपल्लींचे जवळजवळ सारे लेखन या धारेतले. चितमपल्ली स्वतः सोलापूरचे, म्हणजे विदर्भाच्या जंगलात तेही बाहेरूनच आलेले. वनखात्याच्या नोकरीत राहून त्यांनी पक्षी, प्राणी, झाडे आणि त्यांची लोकांच्या तोंडची नावे मराठीला दिली. हे ऋण मोठे आहे. पण या लेखनात झाड जिवंत आहे तोवर ते साहित्याचा विषय असते. ते पडले, त्यावर हातोड्याचा शिक्का बसला आणि ते डेपोत गेले की लेखकाची नजर पुढच्या झाडाकडे वळते. दुसरी धारा आदिवासींच्या बाजूने उभी राहणारी. विलास मनोहरांच्या 'एका नक्षलवाद्याचा जन्म' या कादंबरीत माडियांच्या वाट्याला आलेली लूट आहे. भुजंग मेश्रामांच्या 'उलगुलान'मधली कविता तर आमच्याच जिल्ह्याच्या मातीतली. इथे बाहेरून आलेला व्यापारी जुलमाच्या यंत्रणेचा एक दात आहे, आणि तसा तो असणे या लेखनाची गरजही आहे. तिसरी धारा राजकीय इतिहासाची. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद इथे गवत कापून जंगल सत्याग्रह केला. वणीत जन्मलेल्या या नेत्याचा तो दिवस आम्ही शाळेपासून ऐकत आलो. त्या कथेत दोनच पक्ष आहेत: इंग्रजांचे जंगलखाते आणि जनता. लाकडाचा बाजार तिथे नाहीच.

म्हणजे झाड आहे, अधिकारी आहे, आदिवासी आहे, सत्याग्रही आहे. पण झाड आणि चौकट यांच्या मधला माणूस नाही. तो आला तरी साचा होऊन येतो. साच्याला भूतकाळ लागत नाही. तो कुठून आला, का आला, रात्री कोणत्या भाषेत स्वप्न पाहतो, हे विचारावे लागत नाही.

असा माणूस साहित्यात कसा आणावा, याचा एक मोठा वस्तुपाठ स्वीडिश भाषेत आहे. स्वीडन आणि लाकूड यांचे नाते महाराष्ट्राला माहीत आहे ते काडेपेटीमुळे. स्वीडिश मॅच कंपनीने १९२३ साली 'विमको' स्थापन केली आणि तिचा कारखाना अंबरनाथला उभा राहिला. पण त्याआधी स्वीडनने लाकडापेक्षा माणसे अधिक निर्यात केली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९३०पर्यंत सुमारे तेरा लाख स्वीडिश लोक अमेरिकेला गेले. खडकाळ शेते, वाटण्या होत होत उरलेले तुकडे, १८६०च्या दशकाच्या शेवटी पडलेला दुष्काळ, ही कारणे नखत्राण्याच्या माणसाला समजावून सांगावी लागणार नाहीत. मिनेसोटात त्यांच्यातले अनेक जण उन्हाळ्यात शेती करत आणि हिवाळ्यात पाइनच्या जंगलात लाकूडतोडीला जात. व्हिल्हेल्म मोबेरी या कादंबरीकाराचे अनेक नातलग असेच गेले होते. त्यांनी १९४९ ते १९५९ या काळात चार खंडांची कादंबरी लिहिली. मी ती इंग्रजी अनुवादात वाचली.

तिचा नायक कार्ल ऑस्कर हा शेतकरी. स्मोलांडमधली दगडांनी भरलेली जमीन सोडून तो बायको क्रिस्टिना आणि मुलांसह १८५०मध्ये जहाजात बसतो. मिनेसोटात तळ्याकाठची जागा पसंत पडते, तेव्हा तो एका झाडाच्या बुंध्यावर आपले नाव कोरतो: ही जमीन आता माझी. या प्रसंगापाशी मी थांबलो, कारण आमच्याकडच्या प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर असाच शिक्का असतो. वनखात्याचा हातोडा, लाटेचा क्रमांक, लिलावात बोली जिंकणाऱ्याची खूण. झाडावर कोणाचे नाव पडते यावर मालकी ठरते. आणि ज्याने ते झाड पिढ्यान्‌पिढ्या ओळखले, त्याला नाव कोरण्याची गरज कधी भासलीच नव्हती.

मोबेरींचे मोठेपण असे की ते कार्ल ऑस्करला नायक करतात, पण निर्दोष ठरवत नाहीत. क्रिस्टिना मायदेशाच्या सफरचंदाच्या बियांतून झाड वाढवते, पण तिचे मन कधीच पूर्ण अमेरिकेत येत नाही. नवऱ्याची महत्त्वाकांक्षा आणि बायकोचे घरपण यांतला हा ताण आर्थिक इतिहासाच्या कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही. शेवटच्या खंडात १८६२चा मूलनिवासी सू लोकांचा उठाव येतो आणि वाचकाला कळते की ज्या जमिनीवर आपण इतकी वर्षे जीव लावून बसलो, ती कोणाकडून तरी घेतलेली होती. कादंबरीची मर्यादाही इथेच. सू लोकांची बाजू लेखक इतिहासकाराच्या आवाजात मांडतात. त्यांच्यातला एकही माणूस क्रिस्टिनाइतका आतून उमलत नाही. स्थलांतरिताला नाव मिळाले, मूलनिवासी बिननावाचेच राहिले. आपल्याकडे याच्या उलट घडले आहे, आणि दोन्हीकडचे अपुरेपण सारखेच आहे.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. कोलामांचे, गोंडांचे, आंधांचे जंगल गेले. त्यांच्या कथा अजून पुऱ्या लिहून व्हायच्या आहेत. अशा वेळी वखारवाल्याच्या सुखदुःखाची उठाठेव कशाला? त्याला माझे उत्तर कायद्याच्या पुस्तकातून सुरू होते. महाराष्ट्रात खासगी जमिनीवरची झाडे तोडण्यावर नियंत्रण आणणारा कायदा १९६४ सालचा. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९६९ मध्ये, आदिवासी खातेदारांच्या झाडांच्या विक्रीसाठी वेगळा कायदा करावा लागला. आदिवासीच्या शेतातला साग कवडीमोलाने जात होता, म्हणूनच तो करावा लागला. धंद्याच्या भाषेत याला 'मालकी प्रकरण' म्हणतात. एका मालकी प्रकरणात किती माणसे असतात ते पाहा: धुऱ्यावर साग असलेला कोलाम, मध्यस्थी करणारा गावातला मराठी माणूस, दाखला देणारा तलाठी, मार्का मारणारा वनपाल, वाहतूक पास, ट्रक, आणि शेवटी आरामशीन. साचेबद्ध कथेत या साखळीतल्या शेवटच्या परक्या माणसावर सारे पाप टाकले जाते आणि मधले सगळे आपले लोक सुटतात. 'ठेकेदार' बिननावाचा ठेवण्याची सोय कोणाची होते, हे इथे दिसते. त्याला नाव द्यायचे ते त्याला माफ करण्यासाठी नव्हे. नाव दिल्याशिवाय साखळी पुरी दिसत नाही आणि कोलामाला न्यायही पुरा मिळत नाही.

हे लेखन आता तातडीचे झाले आहे, कारण हा धंदाच मावळतीला लागला आहे. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात अंतरिम आदेश दिला. त्याने जंगलाच्या हद्दीत केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय चालणाऱ्या आरागिरण्या आणि प्लायवूडचे कारखाने थांबवले. पुढे २००२ मध्ये नव्या आरागिरण्यांच्या परवान्यांवरही कडक निर्बंध आले. जंगलासाठी हे आवश्यक होते, यात मला शंका नाही. पण एका पिढीचे कौशल्य त्याबरोबर संपत आले. गोल पाहून आतली पोकळी ओळखणे, गाठ कुठे दडली आहे ते टोल्याच्या आवाजावरून सांगणे, चौकटीला साग, बंडीच्या आसाला धावडा, अवजारांना तिवस आणि बाभूळ हे जाणणे, हे ज्ञान वहीत लिहिलेले नाही. घराला आता लोखंडी चौकट आणि तयार दार येते. बैलबंडीच राहिली नाही, तर आस कोण विचारतो? पुढची पिढी त्याच शेडमध्ये सनमायका, प्लाय आणि हार्डवेअर विकते. नातवंडे मराठी शाळेत शिकून पुण्याला नोकरीला गेली आहेत. आजोबांची वही गुजराती लिपीत आहे आणि ती वाचणारा घरात एखादाच उरला आहे.

ही कादंबरी लिहिणाऱ्यापुढे भाषेचा प्रश्न उभा राहील, पण तोच तिचा ठेवाही ठरेल. या माणसाची घरातली बोली कच्छी, हिशेब गुजराती, साहेबाशी हिंदी, गिऱ्हाइकाशी वऱ्हाडी, आणि रानातल्या मजुराशी बोलताना गोंडी-कोलामीचे चार शब्द. मोबेरींनीही आपल्या पात्रांच्या तोंडी इंग्रजी मिसळलेली स्वीडिश घातली. भाषा हळूहळू हातातून कशी निसटते, हे त्या संवादांतून कळते. वऱ्हाडीचा ठसका असलेली कच्छी माणसाची मराठी अजून कोणी कागदावर उतरवलेली माझ्या पाहण्यात नाही.

ती कोण लिहील? कदाचित पुण्यात नोकरी करणारी त्यांचीच एखादी नात, मराठीत. कदाचित पांढरकवड्याच्या बाजूचा एखादा कोलाम तरुण, ज्याच्या आजोबांनी धुऱ्यावरचा साग विकला. दोघांनीही लिहावे, कारण आजोबांच्या वहीत जो आकडा 'जमा' आहे तो दुसऱ्याच्या आजोबांच्या आठवणीत 'नावे' पडलेला आहे. दोन्ही बाजू समोर आल्याखेरीज यवतमाळच्या जंगलाचा हिशेब लागायचा नाही.