संख्येतील चमत्कृती आणि ध्वनी

जी. एच. हार्डी यांच्या १९४० साली प्रसिद्ध झालेल्या ‘ए मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या छोटेखानी पुस्तकात एक कठोर निवाडा आहे. ८७१२ ही २१७८ ची चौपट आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट. उलट्या अंकांच्या अशा पटीत येणाऱ्या चार अंकी संख्या एवढ्या दोनच. हार्डींच्या मते ही गंमत कोड्यांच्या सदरात शोभेल. गणितज्ञाने तीत रस घेण्याजोगे काही नाही. मम्मटाने चित्रकाव्याला अधम ठरविले ते याच न्यायाने : अक्षरांची करामत आहे, व्यंग्यार्थ नाही. हा निकष योग्यच आहे. मात्र तो लावताना घाई झाली, तर काय निसटते?

१४२८५७ ही संख्या पाहा. तिची दुप्पट २८५७१४, तिप्पट ४२८५७१. सहापटीपर्यंत तेच सहा अंक त्याच क्रमाने फेर धरतात. सातव्या पटीला एकदम ९९९९९९! तिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे तुकडे करून मिळविले, की पुन्हा १४२८५७. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) अशा संख्यांत आयुष्यभर रमले. या दुसऱ्या गुणाच्या संख्या त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात.

हार्डींच्या बाजूने एक मुद्दा बिनतोड आहे. ही शोभा दशमान लेखनाची आहे. आठाच्या पायावर लिहिले, तर एकसप्तमांशात नुसता एकाचा आकडा पुन्हा पुन्हा येतो. पण लेखनपद्धतीवर आधारलेले ते सारे उथळच, हे यातून सिद्ध होत नाही. एकाला सातांनी भागताना १, ३, २, ६, ४, ५ अशा सर्व बाक्या येऊन जातात, म्हणून हा फेर पुरा होतो. तेराच्या बाबतीत तो बारांऐवजी सहा अंकांतच संपतो. सतरा आणि एकोणीस पुन्हा पुरा फेर घेतात. अशा पुऱ्या फेऱ्याच्या मूळ संख्या अनंत आहेत काय? एमिल आर्टिन यांनी १९२७ साली त्या अनंत असाव्यात असे अनुमान मांडले. बिनशर्त सिद्धता आजही नाही. कापरेकर संख्यांचेही तसेच. ९, ९९, ९९९ यांसारख्या संख्यांचे, सामाईक अवयव नसलेल्या दोन भागांत जे गुणाकाररूप विघटन होते, त्याच्याशी त्यांचा थेट संबंध आहे, असे २००० साली दाखविले गेले. १४२८५७ च्या मागे ९९९९९९ = ७ × १४२८५७ हे विघटन उभे आहे.

म्हणजे चित्रकाव्य समजून बाजूला सारलेल्या ओळीत ध्वनी होता. तो ऐकण्यासाठी ‘किती नवल!’ याच्यापुढे जाऊन ‘असे का?’ हे विचारावे लागते. नुसत्या नवलावर तृप्त होणाऱ्या हौशी वाचकाला हार्डींचा धाक हवाच. पण ‘का’ विचारण्यापूर्वीच निकाल देणाऱ्या पंडिताला देवळालीच्या मास्तरांचे कुतूहल त्याहून अधिक हवे.