साधनांचे दुर्भिक्ष आणि माध्यमिक स्तरावरील जीवशास्त्र : होशंगाबाद प्रयोगाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक : प्रयोगशाळा नसलेल्या शाळेत जीवशास्त्र शिकविणे तुलनेने सोपे असते, असा समज रूढ आहे. भौतिकशास्त्राला उपकरणे लागतात, रसायनशास्त्राला रसायने. जीवशास्त्राची सामग्री मात्र शाळेच्या कुंपणापलीकडे विनामूल्य मिळते, ही त्यामागील भूमिका होय. तिच्या समर्थनार्थ होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाचा दाखला दिला जातो. तो कितपत लागू पडतो, हे तपासणे आवश्यक आहे.

प्रयोगाचे स्वरूप : मध्य प्रदेशातील तत्कालीन होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर, रसूलिया या संस्थांनी १६ शाळांत इयत्ता सहावी ते आठवीसाठी हा कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने पुढे त्याची धुरा वाहिली; २००२ मध्ये राज्य शासनाने तो बंद केला. ‘बाल वैज्ञानिक’ या पाठ्यपुस्तकात तयार उत्तरे नव्हती. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या निरीक्षणांतून निष्कर्ष काढावेत, अशी अपेक्षा होती.

चिकित्सा : पानांचा शिराविन्यास, बीजांकुरण, बेडकाचे जीवनचक्र हे विषय नुसत्या डोळ्यांनी अभ्यासता येतात. नववी-दहावीचे जीवशास्त्र मात्र पेशी, ऊती, पर्णरंध्रे, पेशीविभाजन अशा अदृश्य सृष्टीत प्रवेश करते. येथे ‘निसर्ग हीच प्रयोगशाळा’ हे सूत्र अपुरे पडते. कांदा कोणत्याही घरात मिळतो; त्याच्या पापुद्र्यातील पेशीकेंद्रक पाहण्यास सूक्ष्मदर्शकच लागतो. ६० विद्यार्थ्यांच्या वर्गात एकच सूक्ष्मदर्शक असेल, तर प्रत्येकी अर्धा मिनिट दिला तरी ३५ मिनिटांच्या तासिकेतील ३० मिनिटे खर्च होतात. अर्ध्या मिनिटात विद्यार्थ्याला काहीतरी दिसते. पण काय दिसले, हे उमगत नाही. परिणामी प्रयोगवहीत पाठ्यपुस्तकातील आकृती उतरते आणि तीच निरीक्षण म्हणून तपासली जाते.

दुसरा मुद्दा मूल्यमापनाचा. होशंगाबादमध्ये पुस्तक जवळ बाळगून द्यावयाची लेखी परीक्षा, प्रात्यक्षिक परीक्षा, शिक्षक-प्रशिक्षण व साहित्यसंच यांची एकत्र मांडणी होती. महाराष्ट्रात दहावीच्या विज्ञान विषयात ८० गुण लेखी परीक्षेला व २० गुण अंतर्गत मूल्यमापनाला आहेत. लेखी परीक्षेत सुबक, नामनिर्देशित आकृतीला गुण मिळत असतील, तर स्वतः पाहिलेली वेडीवाकडी पेशी रेखाटण्याचे धाडस विद्यार्थी का करील?

निष्कर्ष : होशंगाबादचा धडा केवळ स्वस्त साधनांचा नाही, साधने, शिक्षक आणि परीक्षा एकाच वेळी बदलण्याचा आहे. त्यांपैकी पहिलाच भाग उचलला, तर अल्पखर्ची साहित्याचा गौरव शासकीय जबाबदारी टाळण्याचे निमित्त ठरतो. शेजारच्या शाळांनी सूक्ष्मदर्शक आळीपाळीने एकत्र आणणे, लहान गटांना सलग तासिका देणे आणि मूळ निरीक्षणाला, ते सदोष असले तरी, गुण देणे हे उपाय तुलनेने सुलभ आहेत. मात्र ते पुरवठ्याला पर्याय नव्हेत. साधनांच्या अभावावर कल्पकतेने मात करणाऱ्या शिक्षकाचे कौतुक जरूर व्हावे. तो अभाव कायम ठेवण्याचे समर्थन त्यातून होऊ नये.