युरियाच्या गोष्टीत काय हरवले?

सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पहिल्या धड्यात एक गोष्ट हमखास भेटते. सजीवांच्या शरीरातले पदार्थ प्रयोगशाळेत तयार करता येत नाहीत, त्यासाठी ‘जीवशक्ती’ लागते, असा पूर्वी समज होता. १८२८ साली फ्रेडरिक वोहलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने अमोनियम सायनेटपासून युरिया बनवला आणि हा समज एका फटक्यात मोडीत निघाला. गोष्ट सुटसुटीत आहे, मुलांच्या लक्षात राहते. आम्हीही ती वर्गात अनेकदा सांगितली आहे. पण ती जरा तपासून पाहायला हवी.

पहिला आक्षेप इतिहासाचा. वोहलर जीवशक्तीशी लढायला निघालाच नव्हता. त्याला अमोनियम सायनेट हा क्षार हवा होता. हाती आले ते वेगळेच पांढरे स्फटिक. लघवीतून मिळणाऱ्या युरियाशी ते तंतोतंत जुळले. त्याला आणि त्याचे गुरू बर्झेलियस यांना यातली महत्त्वाची गोष्ट वाटली ती ही की, अणू तेच, त्यांची संख्याही तीच, तरी पदार्थ दोन! यालाच आपण आज समघटकता म्हणतो. शिवाय त्या काळी सायनेट बनवण्यासाठी लागणारा कच्चा माल प्राण्यांच्या अवशेषांपासूनच येई. त्यामुळे ‘शुद्ध असेंद्रियापासून सेंद्रिय’ या दाव्यावर शंका घेता येईल, हे खुद्द वोहलरनेच बर्झेलियसला लिहिलेल्या पत्रात मान्य केले होते. जीवशक्तीची कल्पना त्यानंतरही अनेक दशके टिकून राहिली. डग्लस मॅकी या इतिहासकाराने तर १९४४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात या गोष्टीला दंतकथाच ठरवले.

पण आमचा मुख्य आक्षेप वेगळा आहे. ही गोष्ट लहान प्रश्नाचे उत्तर देते आणि मोठा प्रश्न झाकून टाकते. सजीवांतले पदार्थही साध्याच अणूंचे बनलेले असतात, हे ती सांगते, आणि ते खरेच आहे. खताच्या पोत्यातला युरिया आणि आपल्या रक्तातला युरिया यांच्या रेणूंत काडीचाही फरक नाही. पण शरीर तो बनवते कसे? वोहलरने त्याच पत्रात मोठ्या आनंदाने कळवले होते की, मूत्रपिंडाशिवाय आपल्याला युरिया बनवता येतो. गंमत अशी की शरीरातही युरिया मुख्यतः मूत्रपिंडात बनत नाही. तो यकृतात बनतो, मूत्रपिंड तो फक्त बाहेर टाकते. पदार्थ बनवता आला, म्हणून शरीर तो कसा बनवते हे कळले असे होत नाही!

जीवरसायनशास्त्र सुरू होते ते या ‘कसे’पासून. किण्वनासाठी जिवंत पेशीच हवी, असे पाश्चरसारख्या शास्त्रज्ञाचे मत होते. १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर घोटून त्याचा रस काढला. त्यात एकही जिवंत पेशी उरली नव्हती, तरी साखर घातल्यावर रस फसफसला. म्हणजे काम करणारा पदार्थ पेशीतून वेगळा काढता येतो. हेच विकर. मग विकर म्हणजे नेमके काय? १९२६ मध्ये जेम्स सम्नर यांनी आपल्या अबईच्या जातकुळीतल्या जॅक बीनच्या बियांतून एक विकर स्फटिकरूपात मिळवले आणि ते प्रथिन आहे असे दाखवले. कोणते विकर? युरियाचे विघटन करणारे युरिएज! आणि १९३२ मध्ये हान्स क्रेब्ज व कुर्ट हेन्सेलाइट यांनी यकृताच्या पातळ कापांवर प्रयोग करून युरिया बनण्याचे चक्र उलगडले. प्रथिनांतील अमिनो आम्लांपासून सुटणारा अमोनिया विषारी असतो. यकृत त्याचा युरिया करते, आणि तेही ३७ अंशांना, विकरांच्या मदतीने, पायरीपायरीने.

म्हणजे गोष्ट युरियाचीच ठेवावी, पण १८२८ वर थांबवू नये. आज धड्याची पुढची पाने म्हणजे कर्बोदके, प्रथिने, मेद आणि न्यूक्लिइक आम्ले यांची यादी असते. विद्यार्थी ती पाठ करतात, पण हे रेणू एकमेकांशी काय व्यवहार करतात ते त्यांना उमगत नाही. युरियाच्या धाग्याने निदान प्रथिने, अमिनो आम्ले आणि विकरे एका माळेत गुंफता येतात.

एक प्रयोगही करता येईल. मूठभर सोयाबीन रात्रभर भिजवून पाण्याबरोबर वाटा आणि फडक्यातून गाळा. अर्धा रस चांगला उकळून थंड करा. कच्चा आणि उकळलेला असे दोन्ही रस वेगवेगळ्या परीक्षानळ्यांत घेऊन त्यांत युरियाचे द्रावण घाला. तिसऱ्या नळीत कच्चा रस आणि नुसते पाणी घ्या. थोड्या वेळाने तिन्हींत तांबडा लिटमस बुडवून पाहा. कच्चा रस आणि युरिया असलेल्या नळीतच तो निळा होईल, कारण तिथे अमोनिया तयार झाला आहे. उकळलेल्या रसात असे का झाले नाही? मुलांना लगेच उत्तर सांगू नका. उकळल्याने रसातले अणू कुठे गेले नाहीत. बिघडली ती प्रथिनाच्या रेणूची घडण. सजीवांचे रसायन नुसत्या अणूंत नाही, रेणूंच्या घडणीत आहे, हे एवढ्या प्रयोगातून मुलांच्या ध्यानात आले, तर वोहलरची गोष्ट आपण पूर्ण सांगितली असे म्हणता येईल.