दांडीचें रोगण : डोळ्यांसाठीं कीं हातासाठीं?

हातानें घडविलेली गिटार पाहतांना दृष्टि प्रथम तिच्या चकाकीवर खिळते. परंतु दांडीचा खरा परीक्षक डोळा नसून वादकाचा डावा हात होय. अमेरिकेंत फेंडर कंपनीनें 1950 सालीं आणलेल्या विद्युत्-गिटारींच्या मेपलच्या दांड्यांस नायट्रोसेल्युलोजचें रोगण असे. तें देखणें खरें. पण घामेजलेला हात त्यावर अडखळतो, आणि बोटें जेथें वारंवार टेकतात तेथें तें झिजून उघडें लाकूड दिसूं लागतें. जवसाच्या तेलाची रीत निराळी. तें लाकडांत मुरतें, हवेंतील प्राणवायु शोषून घट्ट होतें, आणि लाकडाचा स्पर्श हातास मिळूं देतें. मात्र त्यास संयम हवा. काचकागदानें घासावें, ओलसर फडकें फिरवून उठलेले तंतु पुन्हां घासावे, तेलाचा पातळ हात द्यावा, उरलेलें तेल पुसून काढावें, आणि पहिला हात पुरता वाळल्यावांचून दुसरा देऊं नये. तेलाचे बोळे चुरगळून टाकल्यास आपोआप पेट घेण्याचा संभव असतो. ते पसरून वाळवावे. ओल व मळ यांपासून तेल रोगणाइतकें राखीत नाहीं, म्हणून तें अधूनमधून पुन्हां लावावें लागतें. हा दोष मानावा काय? आमच्या मतें नाहीं. रोज हातीं घ्यावयाच्या वाद्यानें धन्याकडून इतकी सेवा मागणें वाजवीच आहे.