डोरोथीचा शोध : सैनिकांचे मैत्र आणि व्यंजना

अमेरिकी सैन्यदलांतील समलिंगी स्त्रीपुरुषांच्या छळाचा वृत्तान्त सांगणाऱ्या रँडी शिल्ट्स यांच्या ‘कंडक्ट अनबिकमिंग’ (१९९३) या ग्रंथात एक प्रसंग येतो. १९८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत शिकागो परिसरात नौदलाच्या तपासयंत्रणेच्या कानी ‘डोरोथीचा मित्र’ हा शब्दप्रयोग आला. समलिंगी पुरुष परस्परांची ओळख पटविण्यासाठी तो वापरीत. त्याचे मूळ बहुधा ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ (१९३९) या चित्रपटाच्या नायिकेपाशी नेले जाते. तपासनिसांनी मात्र असा अर्थ लावला की, डोरोथी नावाची कोणी बाई या साऱ्या नौसैनिकांना ओळखते, आणि ती हाती लागली की सर्वांची नावे मिळतील. त्यांनी तिचा खरोखरच शोध घेतला.

शिल्ट्स पडले वृत्तपत्रकार. यंत्रणेच्या मूढतेचा एक नमुना एवढेच त्यांच्या लेखी या प्रसंगाचे मोल. वस्तुतः हा अर्थनिर्णयनाचा प्रश्न आहे. केवळ शब्दार्थाच्या शास्त्राने प्रतीयमान अर्थ हाती लागत नाही, या आनंदवर्धनाच्या भूमिकेला इतके चपखल उदाहरण काव्यातही विरळाच सापडेल. अभिधेवर विसंबलेली सत्ता एका नामाच्या मागे व्यक्ती शोधीत फिरते, आणि ज्यांना व्यंजना कळते ते त्या नामाच्या आडोशाला एकमेकांचा आधार होतात.

ॲलन बेरुबे यांचा ‘कमिंग आउट अंडर फायर’ (१९९०) अधिक खोल उतरतो, तो त्यांच्या सामग्रीमुळे. दुसऱ्या महायुद्धात मिसुरीतील एका तळावर स्नेह जुळलेले काही समलिंगी सैनिक पांगल्यावरही परस्परांना लिहीत राहिले. ती शेकडो पत्रे पुढे कचऱ्यातून वाचून बेरुबेंपर्यंत पोहोचली. परदेशी तैनात सैनिकाचे पत्र त्याचा अधिकारी तपासून मगच पुढे धाडी. साहजिकच अशा पत्राला दोन वाचक लाभत, आणि एकाच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याशी हितगुज करण्याचे कौशल्य लेखकाला साधावे लागे. येथे सहृदयाची संकल्पना जरा ताणून घ्यावी लागते. अभिनवगुप्ताच्या रसिकाला अर्थ उमगला नाही तर आस्वाद हुकतो. येथे भलत्याला अर्थ उमगला, तर सैनिकाच्या हाती निळ्या कागदावरची बडतर्फी पडते, आणि १९४४ च्या कायद्याने माजी सैनिकांना देऊ केलेले शिक्षणाचे लाभही तिच्यापायी नाकारले जातात.

या संकेतभाषेचे कौतुक करताना थोडे भान ठेवणे इष्ट. ती ज्यांना अवगत होती त्यांनाच मैत्र लाभले. लहानशा गावातून थेट छावणीत आलेल्या, ‘आपल्यासारखे’ कोणी असते हेही ठाऊक नसलेल्या पोराला डोरोथी तपासनिसाइतकीच अनोळखी होती. व्यंजनेचा हा बहिष्कारक गुण बेरुबेंच्या विवेचनातही पुरेसा उघड होत नाही.

१९९३ च्या ‘विचारू नका, सांगू नका’ कायद्याने प्रश्न आणखी सूक्ष्म केला. ‘मी समलिंगी आहे’ हे विधानच आता बडतर्फीस पुरेसे ठरू लागले. उक्तीला अशा रीतीने कृती ठरविणाऱ्या तर्काची चिकित्सा ज्यूडिथ बटलर यांनी ‘एक्सायटेबल स्पीच’ (१९९७) मध्ये केली आहे. तिथे हे विधान संसर्गासारखे मानले जाते, हे त्यांचे निरीक्षण मार्मिक आहे. मात्र ज्यांनी ते विधान कधी केलेच नाही, त्यांच्या मौनाकडे त्या फारशा वळत नाहीत.

त्या मौनातूनच २०१० मध्ये हवाई दलातील एका अधिकाऱ्याने टोपणनावाने ‘आउटसर्व्ह’ हे सेवेतील सैनिकांचे गुप्त जाळे उभारले. त्याचा वावर फेसबुकवरील बंदिस्त गटांत होता. २० सप्टेंबर २०११ रोजी कायदा संपुष्टात आला, आणि त्याच वर्षी ‘अवर टाइम’ हा सैनिकांच्या आत्मनिवेदनांचा संग्रह निघाला. बेरुबेंच्या पत्रांशेजारी ही निवेदने सपाट वाटतात. पण तो दोष म्हणून नोंदविणे अन्यायाचे होईल. सरळ बोलता येणे हेच तेथे मिळविलेले होते, आणि संकेत न जाणणाऱ्या त्या पोरालाही ही भाषा वाचता येते.

तरीही अभिधा निर्धोक झाली असे नव्हे. ट्रान्सजेंडर सैनिकांना २०१६ मध्ये उघडपणे सेवेची मुभा मिळाली, २०१९ मध्ये ती आक्रसली आणि २०२१ मध्ये पुन्हा मिळाली. २०२५ च्या जानेवारीत बंदीचा आदेश निघाला व मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या अंमलबजावणीस वाट मोकळी करून दिली. मधल्या वर्षांत ज्यांनी विश्वासाने लष्करी डॉक्टरांपुढे आपली ओळख स्वच्छ शब्दांत सांगितली होती, त्यांना वेगळे काढण्यासाठी त्यांच्या वैद्यकीय नोंदींचाच आधार घेण्यात आला.