‘बहिष्कार’ या शब्दाचे दोन अर्थ : क्रीडास्पर्धांतील राजकीय निषेधाची चिकित्सा

गडचिरोली जिल्ह्यात ‘बहिष्कार’ हा शब्द दीर्घकाळ निवडणुकांच्या तोंडावर लागणाऱ्या माओवादी फलकांवर वाचला गेला. मतदान टाळण्याचा तो निर्णय मतदाराचा नसे. किंमत मात्र त्यालाच मोजावी लागे. शेजारच्या चंद्रपुरात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली. तेथील वाचकाला ‘बहिष्कृत’ या शब्दाचा इतिहास वेगळा सांगावयास नको. दुसऱ्यास बाहेर घालविणे आणि स्वतः बाहेर पडणे, या दोन्ही क्रियांना मराठीत एकच शब्द आहे. क्रीडास्पर्धांभोवतीच्या राजकीय निषेधाची चर्चा करताना हा भेद सहसा पाळला जात नाही.

तो पाळला तर १९२० ची मुंबईतील चौरंगी स्पर्धा वेगळी दिसू लागते. पळवणकर बाळू हे त्या काळचे श्रेष्ठ फिरकी गोलंदाज. पुण्यात मात्र त्यांना चहा मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. युरोपियन, पारशी व मुस्लिम संघांविरुद्ध खेळणाऱ्या हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना जातीमुळे नाकारले गेले, १९२० मध्ये तर संघातूनच वगळले गेले. तेव्हा त्यांचे बंधू विठ्ठल व शिवराम यांनी संघातून माघार घेतली. बहिष्कृतांनी घातलेला हा बहिष्कार होता, आणि त्यात त्यांनी गमावले ते स्वतःचेच स्थान. अखेर बाळू उपकर्णधार झाले, बंधू परतले. १९२३ मध्ये विठ्ठल यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने युरोपियनांना हरविले. रामचंद्र गुहा यांनी २००२ च्या ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड’ या ग्रंथात हा इतिहास सविस्तर मांडला आहे. मराठी क्रीडालेखनात त्याला मिळालेली जागा अपुरी आहे.

१९७४ मध्ये भारताने पुण्यात सोव्हिएत संघाला नमवून डेव्हिस चषकाची अंतिम फेरी गाठली. परंतु वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी खेळण्यास नकार दिला. चषक न खेळताच आफ्रिकेकडे गेला. हाही त्यागच, मात्र निर्णय संघटनेचा व शासनाचा, आणि संधी गेली ती विजय व आनंद अमृतराज या बंधूंची. या प्रसंगाचा गौरव करताना ही बाजू झाकली जाते.

१९९१ मध्ये पाकिस्तानचा दौरा रोखण्यासाठी शिवसैनिकांनी वानखेडे मैदानाची खेळपट्टी खणली. यास बहिष्कार म्हणणे म्हणजे शब्दाचा दुरुपयोग होय. खणणाऱ्यांना खेळायचे नव्हतेच. इतरांना खेळू द्यायचे नव्हते.

पहलगाम येथील २२ एप्रिल २०२५ च्या हल्ल्यानंतर हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. १४ सप्टेंबर २०२५ च्या आशिया चषकातील सामन्याविरुद्ध शिवसेनेने (उद्धव बाळासाहेब ठाकरे) राज्यभर ‘माझं कुंकू, माझा देश’ हे आंदोलन केले. सामना झाला, भारतीय खेळाडूंनी हस्तांदोलन तेवढे टाळले. नियामक मंडळाने त्यात काय सोडले? त्याआधी जुलैमध्ये, इंग्लंडमधील माजी खेळाडूंच्या स्पर्धेत, भारतीय संघाने पाकिस्तानविरुद्धचा उपान्त्य सामना नाकारला आणि अंतिम फेरी प्रतिस्पर्ध्यास सोडून दिली.