न पाहिलेला वार

'द आउटसायडर्स' या कादंबरीत मुलांच्या हातून एकच खून होतो, आणि ज्याच्या तोंडून आपण सगळी हकीकत ऐकतो त्या पोनीबॉयने तो पाहिलेला नाही. पोरगा १४ वर्षांचा. रात्री उशिरा बागेत सोश टोळीतली पोरं त्याला गाठतात, कारंज्याच्या पाण्यात त्याचं डोकं दाबून धरतात आणि त्याची शुद्ध हरपते. डोळे उघडतो तेव्हा तो जमिनीवर पडलेला असतो. शेजारी त्याचा मित्र जॉनी असतो, आणि थोड्या अंतरावर त्या सोशांपैकी बॉब मरून पडलेला. काय झालं ते जॉनी मोजक्या शब्दांत सांगतो. वार मात्र वाचकाच्या डोळ्यांपुढे येतच नाही.

गंमत अशी की हा मुलगा एरवी सगळं टिपणारा आहे. पहिल्याच प्रकरणात सोशांनी घेरलेला असतानाही त्याच्या लक्षात राहतो तो त्यांच्यातल्या एकाच्या अंगावरचा निळा मद्रास चौकडीचा शर्ट. (आपल्याकडचं ते साधं सुती कापड ओक्लाहोमात पैसेवाल्या पोरांची ओळख झालेलं.) मारापेक्षा शर्टाचा रंग ज्याच्या मनात ठसतो, त्याच्या नजरेतून लेखिकेने नेमका तो क्षण काढून घेतला आहे.

ही लेखिका स्वतःच शाळकरी होती. सुझन एलोईज हिंटन टल्सा शहरातल्या विल रॉजर्स हायस्कूलमध्ये शिकत होती. पंधराव्या वर्षी तिने लिहायला घेतलं आणि १९६७ मध्ये, अठराव्या वर्षी, पुस्तक छापून आलं. मुलीने लिहिलेली टोळ्यांची गोष्ट म्हणून समीक्षकांनी बाजूला सारू नये, यासाठी प्रकाशकांनी मुखपृष्ठावर नुसती आद्याक्षरं ठेवली. कथा थोडक्यात अशी: शहराच्या पूर्वेकडची गरीब, केसांना तेल चोपडणारी पोरं म्हणजे ग्रीझर, पश्चिमेकडची मस्टँग उडवणारी पोरं म्हणजे सोश. खुनानंतर पोनीबॉय आणि जॉनी पळतात आणि टेकडीवरच्या पडक्या चर्चमध्ये लपतात.

कारंज्यापाशी राहिलेल्या रिकाम्या जागेचं काय होतं, ते फार पुढे कळतं. जॉनी मेला आहे, ग्रीझरांपैकीच डॅली मेला आहे, पोनीबॉय तापातून उठतो आहे. सोशांपैकी रँडी त्याला भेटायला घरी येतो, तेव्हा पोनीबॉय एकाएकी सांगू लागतो की चाकू माझ्याच हातात होता, बॉबला मीच मारलं. जॉनी मेलाय हेही तो मानत नाही. तो खोटं बोलत नाहीये, त्याला खरंच तसं वाटतंय. जो क्षण पाहिला नाही त्यात त्याने स्वतःला नेऊन उभं केलं आहे. मित्रासाठी जीव देणारे नायक आपण पुष्कळ वाचलेत. मित्राचं पाप नकळत स्वतःच्या आठवणीत ओढून घेणारा पोरगा विरळा. निष्ठेचं याहून भेदक चित्र मी किशोरांसाठीच्या लिखाणात वाचलेलं नाही. आणि हिंटन ते समजावत बसत नाही. पोनीबॉयचा थोरला भाऊ डॅरी रँडीला वाटेला लावतो, सुनावणीत न्यायाधीश तो विषय काढत नाहीत, गोष्ट पुढे सरकते.

चर्चमधले दिवस हा पुस्तकाचा सर्वांत मऊ भाग. जॉनी चाकूने पोनीबॉयचे केस कापतो, ते पेरॉक्साइडने पिवळे करतो. ग्रीझरचा तोरा त्याच्या केसांत असतो, त्यामुळे ही भादरणी जवळजवळ शिक्षाच. मग दोघे पत्ते खेळतात, बलोनी सँडविच खाऊन कंटाळतात, 'गॉन विथ द विंड' मोठ्याने वाचतात. सूर्योदय पाहताना पोनीबॉयला रॉबर्ट फ्रॉस्टची एक कविता आठवते. कवितेचा धागा पुढे जॉनीच्या अखेरच्या शब्दांपर्यंत जातो, आणि तिथे लेखिका जरा जास्तच बोट दाखवते असं मला वाटतं. सूर्यास्त दोन्ही वस्त्यांतून सारखाच दिसतो, हा चेरी या सोश मुलीबरोबरचा संवादही तसाच. सोळाव्या वर्षी कोणालाही सुचावा असा.

सोळाव्या वर्षी सहसा सुचू नये असा माणूस म्हणजे डॅरी. आईवडील अपघातात गेले तेव्हापासून २० वर्षांचा हा थोरला भाऊ छपरं घालण्याचं काम करून घर चालवतो. शाळेत तो फुटबॉल संघाचा कप्तान होता, कॉलेजला जाऊ शकला असता, सोशांच्या पंगतीत सहज शोभला असता. तो थांबला तो दोन धाकट्यांसाठी. पोनीबॉयला मात्र दिसतो फक्त त्याचा जाच. उशिरा घरी आल्याबद्दल डॅरी एक थप्पड लगावतो, धाकटा घर सोडून पळतो आणि बागेत पोचतो. या खुनाचं मूळ टोळीयुद्धाइतकंच त्या थपडेत आहे. मधला सोडापॉप दोघांच्या ओढाताणीत हसत राहतो. शेवटी एका संध्याकाळी तोही घराबाहेर धावत सुटतो, तेव्हा कुठे दोघांना आपण याला किती फाडलंय ते दिसतं. फ्रान्सिस फोर्ड कपोलाने १९८३ साली काढलेल्या चित्रपटात भावांचे हे प्रसंग कात्रीत सापडले होते. २००५ च्या आवृत्तीत २२ मिनिटं वाढली तेव्हा ते परत आले, आणि चित्रपटाला घर मिळालं.

डॅलीबद्दल फार लिहायला नको. जॉनी गेल्यावर तो दुकान लुटतो आणि पोलिसांवर रिकामी पिस्तूल रोखतो. पिस्तूल रिकामी असते हे त्याच्या दोस्तांना ठाऊक असतं, पोलिसांना नसतं.

मला अधिक मोलाचा वाटतो तो बाटलीचा छोटा प्रसंग. जॉनी-डॅलीनंतर पोनीबॉय दगड झालाय. सोश दमदाटी करू लागतात तेव्हा तो शांतपणे बाटली फोडतो आणि काच रोखून उभा राहतो. ते निघून जातात. सोबतचा ग्रीझर टू-बिट धास्तावलेला. एवढ्यात पोनीबॉय वाकून काचा वेचू लागतो, कुणाच्या गाडीचं टायर फाटू नये म्हणून. टू-बिटचा जीव भांड्यात पडतो. निरागसता किती उरली याचा हिशोब इथे एकाही विशेषणाशिवाय मांडला आहे.

एक उणीव नोंदवायलाच हवी. १९२१ मध्ये याच टल्सात ग्रीनवूड ही कृष्णवर्णीयांची वस्ती जाळली गेली होती. कादंबरीतलं शहर मात्र फक्त पैशाने दुभंगलेलं आहे, वर्णाची रेघ त्यात कुठे उमटत नाही. आपल्या वस्तीचं इतकं खरं सांगणाऱ्या मुलीला पलीकडची वस्ती दिसली नाही.

आणि हे सगळं पुस्तक म्हणजे इंग्रजीच्या शिक्षकांनी दिलेला निबंध! नापास होऊ घातलेल्या पोनीबॉयला तो लिहून पास व्हायचं आहे. तो शिक्षकांना फोन करून विचारतो, पाच पानांपेक्षा मोठा चालेल का? ते म्हणतात, चालेल. कादंबरी लिहीत होती त्या वर्षी हिंटनला स्वतःला सर्जनशील लेखनाच्या विषयात 'डी' श्रेणी मिळाली होती.